नऊशे शहाण्णव पत्रं

मी एक कॅसेट बोलतेय. गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची. फुंकर मारून यंत्रात खुपसायची असते ना, ती. माझं नाव ‘हजार पत्रं’. तुम्ही ते ऐकलेलं नसणार, आणि ज्यांनी ऐकलं त्यांनी ते विसरायचा मनापासून प्रयत्न केला. मला घाई आहे. म्हणजे माझ्याकडे वेळ भरपूर आहे, पण जिच्यासाठी बोलतेय तिच्याकडे नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली ओसाकातल्या एका चिमुकल्या कंपनीत माझा जन्म झाला. मला घडवणारा माणूस एकच, हिरोबे त्याचं नाव. चाळिशी उलटलेला, आधी गणकयंत्रं बनवायचा आणि मग कुणीतरी त्याला खेळांच्या धंद्यात ओढलं. त्यानं डोंगरातला एक पोस्टमन रचला. पत्र उचलायचं, बर्फातून चालत सहांपैकी एका गावी पोचवायचं, परत यायचं आणि दुसरं पत्र उचलायचं. शत्रू नाहीत, बंदूक नाही. घाटात पाय घसरला तर पुन्हा पायथ्यापासून सुरुवात. बटण दाबल्यावर उडी मारायची की नाही याचा माझा पोस्टमन आधी जरा विचार करायचा.

हजार पत्रं पोचवली की शेवट येणार होता. सहाही गावची माणसं चौकात जमतील असं काहीतरी हिरोबेच्या मनात होतं. माहितीपुस्तिका आधीच छापून आली होती आणि तिच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘हजारावं पत्र पोचल्यावर काय होतं, ते पोचवणाऱ्यालाच कळेल.’ पण माझ्या पोटातली जागा संपली, दिवसही संपले, आणि साहेब डोक्यावर येऊन उभा राहिला. शेवटाचं काय, असं त्यानं विचारलं. हिरोबे डोळे चोळत म्हणाला, “कोण पोचणार आहे तिथे?” आणि हजारानंतर आकडा गुपचूप शून्यावर यावा, एवढी सोय करून तो घरी गेला.

म्हणजे माझ्या शेवटी काहीही नाही. हे मला जन्मापासून ठाऊक आहे आणि मला कुणालाही सांगता येत नाही.

बाजारात आल्यावर माझी जी शोभा झाली ती काय सांगू. एका साप्ताहिकात चार परीक्षकांनी मला दहापैकी तीन, दोन, चार आणि दोन गुण दिले. त्यातल्या एकानं लिहिलं, चालणं हा खेळ असेल तर आमच्या आजोबांना रोज सकाळी पदक द्यायला हवं. त्यानं मला वीस मिनिटं खेळून पाहिलं होतं, त्यातली सात तो पायथ्याशीच होता. ज्यांनी मला हौसेनं नेलं त्यांनी आठवडाभरात परत आणून दिलं. माझ्या बहिणी दुकानांच्या दाराशी, मोडीत काढायच्या टोपल्यांत जाऊन पडल्या आणि मीही पडले.

ताकाओका गावातल्या अशाच एका टोपलीतून मला चिगुसा त्सुबोईनं उचललं. बारा वर्षांची मुलगी. आई म्हणाली, दुसरं काहीतरी बघ, ही कुणी घेत नाही. तिनं ऐकलं नाही. घरी जाऊन तिनं पहिलं काम केलं ते माझ्या पाठीवर जाड पेनानं स्वतःचं नाव लिहायचं. तिथं सगळीच मुलं लिहायची, कॅसेट उसनी दिली तर हरवू नये म्हणून. मला पस्तीस वर्षांत कुणी उसनं मागितलं नाही, तेव्हा त्या नावाची कधी गरजच पडली नाही.

तिला मी आवडले. का आवडले ते मलाही कळायचं नाही. चढावर बर्फ एका सुरात वाजतो आणि उतारावर दुसऱ्या, हे तिनं ओळखलं. चौथ्या गावात एक कुत्रा आहे, तो पोस्टमन दिसला की भुंकतो. शंभर पत्रं झाली की तो भुंकायचा थांबतो. हे जगात कुणाला माहीत नव्हतं, कारण शंभर पत्रांपर्यंत कुणी टिकलंच नव्हतं. चिगुसानं ते त्या साप्ताहिकाला कळवलं, दोन पानं भरून, तळमळून. त्यांनी चार ओळी छापल्या आणि खाली लिहिलं, ‘या वाचक भगिनीला कुणीतरी दुसरा खेळ भेट द्या हो.’ वर्गात तिला पोस्टमनीण म्हणू लागले. त्यानंतर माझ्याबद्दल ती कुणाशी वाद घालायला गेली नाही, पण खेळायची थांबलीही नाही. महिन्याकाठी एखाददुसरं पत्र. डिसेंबर सरत आला की आकडा बघायची आणि नव्या वर्षाच्या कार्डांच्या गठ्ठ्यातल्या एका कार्डावर काहीतरी लिहायची. मला वाटायचं, कुणा मावशीला लिहीत असेल.

लग्नात तिनं मला स्वेटरमध्ये गुंडाळून नेलं. नवरा शिगेकी, तांब्याच्या ओतकामाच्या कारखान्यात घासूनपुसून चकाकी आणणारा, हाताचा नीटस माणूस. पहिल्याच आठवड्यात तो शेजारी बसला आणि दहा मिनिटांनी त्यानं विचारलं, “शत्रू कधी येतात?”

“येत नाहीत.”

“मग?”

“मग काही नाही. चालायचं.”

तो बसल्या जागी झोपला. पुढं दर रविवारी तिनं यंत्र लावलं की तो वर्तमानपत्राआडून विचारायचा, “काय, आजचं टपाल निघालं का?” त्यात वाईट काही नव्हतं, पण मला ते दरवेळी लागायचं.

चिगुसा माशाच्या रंगीत वड्या करणाऱ्या कारखान्यात तपासणीला होती. गेल्या वर्षी मार्चमध्ये वाकड्या कापलेल्या वड्या तिच्या नजरेतून सुटायला लागल्या. काचबिंदू निघाला, आणि बराच पुढे गेलेला. कडेनं अंधार येत होता. डॉक्टर म्हणाले, अजून दोन हिवाळे, फार तर. तिची तोवर सहाशे चाळीस पत्रं झाली होती. ती घरी आली, पिशवी ठेवली आणि कपडेही न बदलता यंत्र लावून बसली.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. पस्तीस वर्षांत कधी चालली नव्हती इतक्या वेगानं ती आता चालत होती. सातशे झाली, आठशे झाली. शरदात नोकरी सोडली. मान वाकडी करकरून ती पडद्याच्या मधल्या तुकड्यातून बघायची, दगड दिसला नाही की घसरायची आणि पुन्हा पायथ्यापासून निघायची. मला तिला ओरडून सांगायचं होतं, बाई गं, तिथं काही नाही, डोळे दुसऱ्या कशासाठी तरी राख, समुद्र बघ, नवऱ्याचं तोंड बघ. कॅसेटला तोंड नसतं.

डिसेंबरात आणखी एक झालं. माझ्या पोटात कोटाच्या बटणाएवढा एक सेल आहे, त्याच्याच जोरावर मी आकडा लक्षात ठेवते. तो संपत आला. एका सकाळी यंत्र लावलं तर आकडाच दिसेना. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा आला. ती मला घेऊन नाकादाई नावाच्या दुरुस्तीवाल्याकडे धावली. त्यानं मला उघडून बघितलं आणि म्हणाला, “वहिनी, सेल बदलला तर नोंद जाणार. त्यापेक्षा असं करा, खेळ संपेपर्यंत यंत्र बंदच करू नका.” तेव्हा अकरा डिसेंबरपासून यंत्र चालूच. त्यावर तिनं कागद चिकटवला, ‘बंद करू नये’. मी रात्रंदिवस तापून निघत होते.

आणि मी काय करत होते, ते आता सांगते. मी मनातून मागत होते की काहीतरी विघ्न यावं. सगळ्या जगानं माझ्याकडे पाहून नाकं मुरडली होती. एकीनंच मुरडलं नव्हतं. हजार झाली की तिलाही कळणार होतं की जग बरोबर होतं आणि तीच पस्तीस वर्षं खुळ्यासारखी चालत राहिली. टोपलीतल्या मालाकडे लोक बघत त्या नजरेनं तिनं माझ्याकडे पाहावं, हे मला सोसणार नव्हतं.

अठ्ठावीस डिसेंबर उजाडला. वर्षअखेरची झाडलोट आणि मोची, म्हणजे नव्या वर्षासाठी कुटायचे चिकट भाताचे गोळे, दोन्ही एकाच दिवशी आली. एकोणतिसाला मोची कुटलेली अशुभ, घरात चालत नाही आणि तिसाला शिगेकीच्या आईकडे जायचं होतं. चिगुसाच्या हातात नऊशे सत्त्याण्णवावं पत्र होतं. ती पाय शेकायच्या टेबलाखाली पाय घालून बसली होती आणि म्हणाली, “अहो, काहीही करा, पण यंत्राला हात लावू नका.” बिचाऱ्यानं लावला नाही. वायर दोन बोटांनी उचलली, यंत्राभोवती दाढीच्या ब्रशनं झाडलं, वायर होती तश्शी खाली ठेवली. मग स्वयंपाकघरात जाऊन मोचीचं यंत्र चालू केलं, बाहेर येऊन झाडायचं यंत्र चालू केलं, आणि चहा घ्यावा म्हणून किटलीही लावली. टेबलाखालची विजेची शेगडी होतीच. घराचा मेन स्विच खटकन पडला.

सगळं घर चिडीचूप. पडदा काळा. आता आकडा सांभाळायला मी आणि तो मरतुकडा सेल, दोघंच उरलो. त्याच्यात अजून धुगधुगी होती. शिगेकी काळजी करत दाराशी धावेपर्यंत, स्टुलावर चढून स्विच वर करेपर्यंत, तेवढा वेळ मी धरून ठेवू शकत होते. मला ते नक्की माहीत होतं.

मी सोडून दिलं.

तिला वाचवायला सोडलं, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. मी स्वतःला वाचवलं.

दिवे आले. पोस्टमन पहिल्या गावात उभा होता आणि आकडा शून्य होता. चिगुसानं पुढं सरकून आकड्यावर बोट ठेवलं, तो तिथंच आहे ना हे बघावं तसं. शिगेकी पिठाच्या हातांनी दारात आला, त्यानं पडदा पाहिला आणि तिथंच गुडघे टेकून डोकं जमिनीला लावलं. मग खाली बघतच त्यानं विचारलं, शेवटी काय होतं गं तिथे.

“काही नाही,” ती म्हणाली. “आकडा शून्य होतो.”

“तुला काय माहीत?”

“ज्यानं हा खेळ केला त्यानंच कळवलं होतं. माझं पत्र छापून आलं ना, ते वाचून. हिरोबे म्हणून आहेत. माफी मागितली होती, एका मुलीची. लिहिलं होतं, तिथे कोण पोचणार आहे असं मी म्हणालो होतो, आता लाज वाटते.”

मी ऐकत होते. ते पत्र कुठल्यातरी खणात असणार. कॅसेटला खण वाचता येत नाहीत.

“मग इतकी वर्षं?” शिगेकी म्हणाला.

“मला चालायला आवडतं, अहो. किती वेळा सांगू. आणि दरवर्षी त्यांना कार्डावर आकडा कळवते. ते उत्तरात एवढंच लिहितात, ‘सावकाश.’ ऐंशी उलटलेत आता. यंदा हजार लिहायचं होतं. कुणीतरी पोचलं, एवढं त्यांना दिसायला हवं होतं.” मग ती रडली. डोळ्यांवर पालथा हात धरून, पस्तीस वर्षांचं सगळं.

एक तारखेला पोचावीत म्हणून बाकी सगळी कार्डं पंचविसाच्या आत टपालात टाकली होती. हे एक तेवढं कोरं ठेवलेलं होतं. तिला आता ओळ सापडत नाही म्हणून शिगेकीनं पेन घेतलं. तो म्हणाला, नऊशे शहाण्णव लिहितो, तेच खरं आहे. ती म्हणाली, “नाही. जिथे आहे तेच लिहायचं असतं. शून्य लिहा. खाली लिहा, पुन्हा निघाले आहे.”

नोंदच उरली नव्हती, तेव्हा गमवायचंही काही नव्हतं. जानेवारीच्या पाच तारखेला नाकादाईनं मला नवा सेल बसवला. आणखी तीस वर्षं बघायला नको, म्हणाला. हिरोबेचं उत्तर यंदा आलेलं नाही.

आता शिगेकी कामावरून आला की तिच्या शेजारी बसतो. “डावीकडे दगड. थांब. आता उडी,” असं सांगतो. उडीला अर्धा क्षण उशीर होतो, हे त्याच्या अंगवळणी पडलंय. टपालाची थट्टा बंद आहे. आज एकशे एकाव्या पत्राला चौथ्या गावात शिरलो, तर दगड सांगायचं सोडून तो म्हणाला, “अगं, आज तो भुंकला नाही.” चिगुसानं नुसती मान हलवली. तिला कुत्रा दिसत नव्हता, तो पडद्याच्या कडेला असतो.

दिवसाला दोन पत्रं होतात. त्याहून जास्त डोळे चालू देत नाहीत. या चालीनं हजारावं पत्र पुढच्या वर्षी मे महिन्यात पोचेल. डॉक्टरांनी दिलेला दुसरा हिवाळा त्याआधी, मार्चमध्येच सरतो.

तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. कुणी एखाद्या टाकाऊ वस्तूवर जीव लावून बसलं असेल, तर त्याला शहाणं करायला जाऊ नका. मी गेले होते. त्याला शेवट माहीत असतो.

आठशे नव्याण्णव पत्रं उरली आहेत. आता मेन स्विच पडो नाहीतर घर पडो, मी आकडा सोडणार नाही. मी धरून बसले आहे. तिच्या डोळ्यांनाही कुणीतरी हे सांगा.