थाळीतला फास

साहेबांनी मोरीखालचा ट्रे पायानं पुढे ओढला, तेव्हाच मावशीनं ओळखलं की आज आपलं काही खरं नाही. ट्रेमध्ये काचेच्या पस्तीस थाळ्या एकावर एक रचलेल्या होत्या. चार दिवसांपूर्वीच त्या वाफेच्या कुकरात उकळून, घासून, पुसून कपाटात जायला हव्या होत्या. त्या इथं बसल्या होत्या, आणि त्यांना वास येत होता.

"बाई, हे काय आहे?"

"भिजत घातल्यात, साहेब."

"भिजत? कपडे आहेत का ते?"

प्रयोगशाळेतली ही थाळ्या धुणारी बाई सगळ्यांची मावशी होती. तिचं खरं नाव अकरा वर्षांत फक्त मेमोवर आलं होतं. दोनदा. एकदा थाळी फुटली म्हणून, एकदा उशीर झाला म्हणून. तिसरा मेमो म्हणजे घरचा रस्ता, असा नियम. नियम करणाऱ्यानं जन्मात एक थाळी घासली नव्हती, हे सांगायला नकोच.

बुरशी वाढवायला थाळीत जेली ओततात. ती वाळली की काचेला अशी चिकटते की खरवडताना नखं उचकटतात. बुरशीवर संशोधन करणारी चष्मिष पोरगी थाळ्या महिना-महिना विसरायची आणि जेलीचं चामडं झालं की मावशीच्या गळ्यात घालायची. मग मावशीनं आपली युक्ती काढली होती. इमारतीमागच्या टाकीतलं पाणी थोडं-थोडं प्रत्येक थाळीत ओतायचं आणि चार दिवस विसरून जायचं. जेली आपसूक सुटते. नियमात बसत नव्हतं. पण नखं नियमाची नव्हती, तिची होती.

साहेबांनी एक थाळी उचलली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, डोळा लावला आणि भडकले.

"किडे! थाळीभर वळवळतायत! उद्या तपासणीला लोक येणार, आणि माझ्या प्रयोगशाळेत किडे! या, बघा तुमचे प्रताप. बघा म्हणतो ना!"

आणि ते टेबलाशी बसून मेमो लिहायला लागले.

मावशी पुढे झाली. अकरा वर्षं तिनं त्या यंत्रावरचं कापड झटकलं होतं. आत डोकवायची तिला परवानगी नव्हती. आज मिळाली, तीही शिक्षा म्हणून.

आधी नुसता उजेड दिसला. मग गुंतलेल्या दोऱ्यासारखी बुरशी, आणि तिच्यातून सळसळणारे काचेसारखे किडे. यांच्यापायी माझी नोकरी जाणार? तिला त्यांची शिसारी आली. दोऱ्यांना जागोजागी इवल्या कड्या लटकत होत्या, बाळाच्या अंगठीएवढ्या दिसत होत्या. एक किडा वाट काढत आला आणि त्यानं एका कडीत डोकं घातलं.

तो पलीकडून बाहेर पडेल असं तिला वाटलं.

कडी आवळली. कधी आवळली ते तिला दिसलंच नाही. पापणीही लवली नव्हती, आणि फास बसलेला होता. किडा आसूड मारावा तसा शेपूट आपटायला लागला.

"अगं आई गं!" ती मागे सरली ती स्टूल पाडूनच.

"आता काय झालं?"

"धरलं, साहेब! गळ्याला धरलं त्याला!"

"कोणी धरलं? कोणाला?"

"बुरशीनं! किड्याला! अहो, बुरशी ती, भिंतीवर येते तसली, तिनं जिवंत जनावर धरलं!"

पलीकडच्या टेबलावरची चष्मिष धावत आली. मावशीला बाजूला सारून तिनं डोळा लावला. थाळी इकडून तिकडे सरकवली. मग तिचा आवाज फाटला.

"साहेब, कड्या आहेत. सगळीकडे कड्या आहेत."

तीन वर्षं ती याच एका कडीसाठी झुरत होती. पुस्तकात लिहिलं होतं की ही बुरशी शिकार करते. हिच्या थाळ्यांत ती नुसती लोळत होती.

"मी तिला उत्तमातलं उत्तम खायला घातलं हो, मावशी. एक कडी केली नाही तिनं."

"मग कशाला करेल? ताट वाढलेलं असताना मी तरी उठेन का?"

"आणि किडे..." चष्मिष खाली बसली. "माझ्या थाळ्यांत किडेच नव्हते. एकही येऊ नये म्हणून मी जिवाचं रान केलं."

साहेब उठले. वाकले. त्यांची मान ताठ झाली. "दुसरा अडकला," ते म्हणाले, इतक्या हळू की आपल्याशीच बोलल्यासारखं. चेहरा वर आला तो पांढराफटक होता. ज्या माणसानं वीस वर्षं बुरशी शिकवली त्यानं हे चित्र सोडलं तर कुठंच पाहिलं नव्हतं.

"बाई, पाणी कुठलं घातलं?"

मावशीनं पडलेलं स्टूल उचलून सरळ केलं.

"टाकीतलं का? वरचं की तळाचं? किती? थाळ्या झाकल्या होत्या का?" हाताशी वही नव्हती. त्यांनी तोच मेमो उलटा केला आणि पाठीवर लिहायला घेतलं. कागदातून तिचं नाव उलटं उमटलेलं दिसत होतं. शिक्षेच्या पाठीवर शोध! लाज नावाची चीज कुठल्या कुकरात उकळून टाकली होती, कोण जाणे.

"साहेब, आधी ती बाजू खोडा."

"काय?"

"माझं नाव आहे त्या बाजूला. खोडा. मग सांगते."

"मावशी!" चष्मिष पुटपुटली.

"तू गप गं. तुझ्या थाळ्या मी घासते, माझं ताट तू घासतेस का?"

साहेबांचा पेन हवेतच राहिला. मग त्यांनी कागद उलटला, आडव्या दोन रेघा मारल्या, सही केली.

"तळाचं," मावशी म्हणाली. "गाळासकट. थाळीत दोन घोट. झाकणं अर्धवट. चार दिवस." आणि विचारायच्या भानगडीत न पडता ती पुन्हा यंत्राशी गेली.

किडा थकला होता. शेपूट अधूनमधून हलत होतं.

"मेला का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. बुरशीचा दोरा त्याच्या आत शिरतोय." तिनं टेबलाची कड घट्ट धरली. "साहेब, तो जिवंत आहे, आणि ती त्याला आतून खातेय."