गिऱ्हाइकाचा वाटा

म्हातारीच्या नवऱ्याचं मांसाचं दुकान चाळीस वर्षं चाललं, आणि त्या चाळीस वर्षांत घरात चांगला तुकडा म्हणून कधी शिजला नाही. मांडी, पाठ गिऱ्हाइकाला. घरी मानेची हाडं नि कापाकापीतून उरलेले तुकडे. "घरच्यांचं पोट भरलं की झालं. मन भरायचं ते गिऱ्हाइकाचं," असं तो म्हणे. तो छातीच्या दुखण्यानं गेला आणि दुकान बंद झालं. त्याला सहा वर्षं झाली.

यंदा बस चालवणाऱ्या मुलाच्या रक्ततपासणीचा कागद बघून डॉक्टरांनी मान हलवली, छाती जपायला सांगितलं. सुनेनं त्याच दिवशी ठरवलं, मांस महिन्यातून दोनदा, बाकी डाळी नि भाज्या. सकाळी भाजी आणून ठेवायची आणि ती कामावर जायची. रांधणं म्हातारीकडे.

तीन आठवड्यांनी मुलानं ताट ढकललं.

"आई, ही भाजी आहे की कुंपण?"

"बाबा, कालचं कुंपण मऊ होतं हं," नात म्हणाली.

"जिभेचे चोचले की छाती? एक काय ते ठरवा," सून म्हणाली.

"रोज देठं चघळायला छाती कशाला सांभाळू? रविवारपर्यंत बघतो. सोमवारपासून माझं मी बाहेर खाणार."

सून भांडी जरा जोरातच आपटत राहिली. म्हातारीनं आपलंही ताट तसंच झाकून ठेवलं. छातीचं काढलं की नवराही अस्संच बोलायचा.

शनिवारी वरच्या मजल्यावरची शिंपीण रिकामं भांडं परत द्यायला आली.

"काकू, फ्लॉवर काय सुरेख होता! तुमच्या कृपेनं तीन आठवडे बाजाराचं तोंड पाहिलं नाही."

"कुठला फ्लॉवर?" सुनेनं विचारलं. गॅसवरच्या पातेल्यात नुसते दांडे शिजत होते. तिनं फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यात फ्लॉवरचे तुरे, कोवळ्या शेंगा, भोपळ्याचा गर, सगळं कागदात बांधून, वर दोऱ्याची गाठ मारून ठेवलेलं.

"आई, हे कोणासाठी?"

"गिऱ्हाइ..." म्हातारी म्हणाली आणि थांबली.

सून तिथंच स्टुलावर बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो आई, दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली!"

"मला ठाऊक आहे गं. हाताला कोण सांगणार?"

रविवारी म्हातारीनं तुऱ्यांची पुडी सोडली. सवयीनं हात कागदाकडे गेला. तिनं कागद नातीला दिला, चित्रं काढायला.

मुलानं ताट पाहिलं. "आज कोण येणार आहे जेवायला?"

"कोणी नाही. तुझंच आहे."

त्यानं दोनदा मागून घेतलं. हात धुताना म्हणाला, "उद्या डब्याला हेच दे."

दांडे म्हातारीनं स्वतःच्या ताटात घेतले होते. टाकवले नाहीत. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचेही.