चेंडू मारू नये

मी एक जुनी विटांची भिंत आहे आणि, मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. भिंतीने कशाला रागवायचे, असे ज्याला वाटत असेल त्याने खुशाल पुढे जावे. बाकीच्यांनी घटकाभर माझ्यासमोर बसावे. टेकून मात्र बसू नका, तशी सूचना लावलेली आहे.

माझा जन्म साबणाच्या गोदामाची मागची भिंत म्हणून झाला. माझा गवंडी भारी चोखंदळ होता. ओळंबा लावून बघितल्याशिवाय त्याने एक वीट पुढे ठेवली नाही, आणि गिलावा असा घोटला की हात फिरवला तर कुठे उंचवटा लागू नये. साबणाच्या खोक्यांना एवढी सरळ भिंत काय करायची होती, देव जाणे. पुढे गोदाम बंद पडले, माझ्या तिन्ही बहिणी पाडल्या गेल्या आणि त्यांच्या विटा गाडीत भरून गेल्या. मीही गेलेच असते. पण माझ्या पाठीमागच्या अंगणात, सगळा रस्ता जिला मावशी म्हणायचा, तिचे धुलाईचे दुकान होते. दवाखान्यांच्या चादरी धुऊन ती तिथे दोऱ्यांवर वाळत घालायची. कामगार माझ्याजवळ आले तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ही भिंत पाडली तर रस्त्याची सगळी धूळ माझ्या चादरींवर बसेल. हात लावूनच बघा."

कुणाची छाती झाली नाही. अशी मी चादरींच्या पुण्याईने वाचले.

माझ्यापुढे गोदामाची गुळगुळीत फरशी तेवढी उरली होती. थोड्याच दिवसांत तिथे मुले आली. रस्त्याच्या टोकाला एक टेनिसचा क्लब होता, मोठ्या लोकांचा. तिथले झिजून टक्कल पडलेले चेंडू कुंपणाबाहेर यायचे आणि मुले ते गोळा करायची. कुणाकडे तारा तुटलेली रॅकेट, कुणाकडे नुसती फळी. एका रंगाऱ्याने क्लबची जाळी नजरेने मापली आणि माझ्या अंगावर तेवढ्याच उंचीची एक पांढरी रेघ मारून दिली. त्या रेघेने माझे आयुष्य बदलले. आजवर मी फक्त उभी होते, आता मी खेळू लागले. जो जसा मारील तसा त्याला परत द्यायचा, हे माझे काम. गरीब बघायचे नाही, श्रीमंत बघायचे नाही, दमले म्हणून बसायचे नाही.

पण चेंडू कधीकधी माझ्या डोक्यावरून पलीकडे जायचा आणि थेट ओल्या चादरीवर मातकट शिक्का उमटवायचा. मावशीने दोन-चार दिवस कळ काढली आणि मग बाहेर येऊन कायदाच केला.

"ज्याचा चेंडू इकडे येईल त्याने जागा सोडायची, आत यायचं आणि माझ्यासोबत एक चादर पिळायची. मग चेंडू मिळेल. रडारड चालणार नाही."

झाले. कायदा लागू झाला. एका टोकाला मावशी, दुसऱ्या टोकाला पोर, आणि मध्ये ती जाडजूड चादर. पीळ घालता घालता पोरांची मनगटे भरून यायची. आणि जागा जाऊ नये म्हणून मुले चेंडू खाली ठेवायला शिकली, रेघेला अगदी चिकटून. कुणी शिकवले नाही. मावशीच्या धाकाने शिकवले म्हणा हवे तर.

या मुलांमध्ये दोन मुली होत्या. एक मावशीची सख्खी भाची. अंगाने एवढीशी म्हणून तिला सगळे चिमणी म्हणायचे. दुसरी पाव भाजणाऱ्याची लेक, डाव्या हाताने खेळायची म्हणून डावरी. दोघींचे रोज वाजायचे. खरे सांगायचे तर डावरी वरचढ होती. तिचा चेंडू माझ्यावरून असा तिरका निघायचा की चिमणी धावून धावून रडकुंडीला यायची. पण हार मानायची नाही. डावरीचा तो तिरका चेंडू उचलता उचलता तिने एक फटका तयार केला, सपाट आणि ठेंगणा, रेघेला चाटून जाणारा. डावरी नसती तर तो फटका नसता, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

खेळ संपला की चिमणी तापलेले कपाळ माझ्या गिलाव्याला टेकवायची. मी सावलीची, थंडगार. एकदा ती तशीच उभी राहून म्हणाली, "किती पोपडे निघालेत गं तुझे. मी मोठी झाले ना, की तुला झकास रंग देईन. बघच तू."

मित्रांनो, एवढ्यावर मी कितीतरी वर्षे उभी राहिले. रंगाचे मला कौतुक नव्हते हो. कुणीतरी आपल्याला वचन दिले आहे, याचे होते.

मग एके दिवशी टेनिसच्या मोठ्या केंद्रातले प्रशिक्षक वाट चुकून या रस्त्याला लागले आणि थबकले. त्या वेळी माझ्यासमोर चिमणी एकटी होती. डावरीचा चेंडू नुकताच पलीकडे गेला होता आणि ती कायद्याने आत जाऊन चादर पिळत होती. प्रशिक्षकांनी बराच वेळ बघितले आणि विचारले, "अशी खेळणारी आणखी कुणी आहे का इथे?"

चिमणीने मागे माझ्याकडे बघितले. पलीकडून चादरीतून पाणी निथळल्याचा आवाज येत होता. तिने मान हलवली आणि म्हणाली, "नाही."

डावरी चेंडू घेऊन बाहेर आली तेव्हा प्रशिक्षकांची गाडी निघून गेली होती. मी चिमणीला तेव्हाच माफ केले. लहान होती. केंद्रात एकच जागा असेल, अशी भीती तिच्या पोटात बसली असेल. पोर घाबरले की असे होते, अशी मी माझी समजूत घातली.

चिमणी केंद्रात गेली आणि बघता बघता मोठी झाली. जगातल्या मोठमोठ्या मैदानांवर तिचे नाव पुकारले जाऊ लागले. तिच्या सपाट फटक्यावर लोक तासन्तास बोलायचे. कुणी म्हणे परदेशी यंत्रावर घोटून घेतला, कुणी म्हणे खास आहार. मावशी आत चादर झटकत हसायची.

पण लोकांना आता नवीनच काळजी लागली. इतर काही देशांत एकामागून एक खेळाडू निघतात आणि आपल्याकडे ही एकच कशी? माझ्यासमोरच्या बाकावर रोज यावर खल व्हायचा. एक म्हणायचा, तिकडची माणसे उंच. दुसरा म्हणायचा, तिकडची हवा चांगली. तिसरा म्हणायचा, सगळा पैशाचा खेळ आहे बाबा. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पोरे माझ्यावर चेंडू मारत असायची, त्यांच्याकडे एकाचेही लक्ष नसायचे.

शेवटी एक समिती नेमली. साहेब लोक देशोदेशी हिंडून आले आणि चिमणीला घेऊन जागा बघायला इथे आले. सोबत परदेशातला एक म्हातारा खेळाडू पाहुणा म्हणून आला होता. त्याने एका पोराची फळी मागून घेतली, माझ्यावर दोन-तीन चेंडू मारले आणि माझा गिलावा थोपटला. दुभाष्याने त्याचे बोलणे सांगितले.

"ते म्हणतात, आमच्याकडे वस्तीवस्तीत अशी भिंत आहे. हजार पोरं तिच्यावर चेंडू मारत बसतात. नऊशे नव्याण्णव कुठेच पोचत नाहीत, पण त्यांच्याशी खेळून एक पोचतो."

साहेब लोक हसले. पाहुणा विनयाने बोलतोय, असे त्यांना वाटले. त्यांनी नकाशा उलगडला. केंद्र आता इथवर वाढणार होते. निवडक मुलांसाठी छपराखालची कोर्ट, आणि पुढे मोठे फाटक. प्रश्न एवढाच होता की माझ्यापुढची फरशी पोरांना मोकळी ठेवायची की कुंपणात घ्यायची. मुख्य साहेब चिमणीला म्हणाले, "ताई, तुमचाच शब्द शेवटचा. तुम्ही इथे खेळायच्या म्हणे. राहू द्यायचं का हे असंच?"

मित्रांनो, मी आयुष्यात कधी श्वास घेतला नाही, पण त्या क्षणी तो रोखून धरला. मावशी हातात ओली चादर घेऊन दारात आली होती. तिच्या मागे डावरीही होती. ती आता दवाखान्यात नर्स होती आणि चादरी द्यायला आली होती. चिमणीने दोघींकडे बघितले. मग तिने साहेबांकडे बघितले, प्रशिक्षकांकडे बघितले, आपल्या पांढऱ्याशुभ्र बुटांकडे बघितले.

"छे हो," ती हसून म्हणाली. "इथे आम्ही नुसता टाइमपास करायचो. खेळ मी केंद्रातच शिकले."

केसाने गळा कापणे म्हणतात ते हे. पाडणाऱ्यांच्या घणाला मी भ्यायले नव्हते, पण या एका वाक्याने मला आतून तडा गेला. साहेबांनी नकाशावर खूण केली आणि सगळे पुढे गेले. डावरी आणलेल्या चादरी मोजायला लागली. मावशी तेवढी पुटपुटली, "टाइमपास म्हणे. माझ्या कितीतरी चादरी गेल्या तिच्या टाइमपासात." आणि आत जाऊन तिने ती चादर एकटीनेच पिळली.

महिन्याभरात कुंपण आले. मग रंगारी आले. त्यांनी माझे पोपडे खरवडले, भेगा लांबीने बुजवल्या आणि माझ्या सगळ्या अंगावर चिमणीचे हे भलेमोठे चित्र काढले. माझी पांढरी रेघ तिच्या पोटाखाली कुठेतरी बुजून गेली. चित्राला डाग पडू नये म्हणून बाजूला फलक लावला: टेकू नये. चेंडू मारू नये.

उद्घाटनाला ती आली. भाषणे झाली, टाळ्या झाल्या. गर्दी चहाकडे वळली तशी ती हळूच माझ्याजवळ आली आणि जुन्या सवयीने तळवा ठेवला.

"सांगितलं होतं ना," ती अगदी मायेने म्हणाली, "तुला रंग देईन म्हणून? दिला की नाही?"

आणि डोळे पुसत निघून गेली. तिला खरेच वाटत होते की तिने शब्द पाळला. हेच मला अजून सहन होत नाही. तिने मला हसून झिडकारले असते तर निदान भांडता आले असते.

त्याला आता बरीच वर्षे झाली. चिमणी खेळातून निवृत्त झाली आणि तिच्यानंतर कुणी वर आले नाही. केंद्रात मुले आहेत, पण मोजकी. ती आपसात फारशी खेळत नाहीत, यंत्राशी खेळतात. समिती पुन्हा नेमली आहे. साहेब लोक परवा इथे आले, माझ्या चित्राच्या सावलीत उभे राहिले आणि कप हातात धरून एकमेकांना विचारू लागले, इतर देशांत जास्त खेळाडू का निघतात?

तेव्हा डावरीची लेक कुंपणाबाहेर उभी होती. डाव्या हातात फळी, उजव्या हातात टक्कल पडलेला चेंडू. पहारेकऱ्याने तिला फलक दाखवला. तिने तो मोठ्याने वाचला आणि विचारले, "मग ही भिंत कशाला आहे?"

पहारेकऱ्याने पुन्हा फलकाकडेच बोट दाखवले. साहेबांनी ऐकले आणि ते पुन्हा आपल्या चर्चेकडे वळले.

मित्रांनो, मला भिंत म्हणून मान नको, हार नको, रंग तर मुळीच नको. तुमच्या गावात माझ्यासारखी एखादी असेल तर तिच्यावर चित्र काढू नका, तिच्यापुढची फरशी मोकळी ठेवा. आणि तिच्यासमोर शिकून कुणी मोठे झाले, तर चारचौघांत तिचे नाव घ्या. बाकी काही देणे लागत नाही.

माझ्या पाठीमागे मावशी अजून आहे. पाठीत वाकली आहे. आता तिच्या चादरींवर एकही डाग पडत नाही, दोऱ्या भरून पांढऱ्याफेक वाळत असतात. तरी रोज संध्याकाळी ती एक चादर न पिळता बादलीत ठेवते, आणि माझ्या माथ्याकडे बघत बसते.