बसायची सोय

भोंग्याला सभागृहात कोणी भोंगा म्हणत नसे. तिथे तो ‘सन्माननीय सदस्य’ होता, आणि तशी हाक मारायची वेळही कोणावर फारशी येत नसे. भोंगा हे नाव धुलाईच्या कारखान्यातलं. तिथे तो मशीन दुरुस्त करायचा. वाफेच्या फुसफुशीत आणि रोलरच्या खडखडाटात या टोकाच्या बाईला त्या टोकाच्या बाईशी बोलायचं असलं, की निरोप त्याच्याकडे यायचा. तो एकदा ओरडला की काम फत्ते. पुढे त्या आवाजावरच तो युनियनचा पुढारी झाला, पक्षाने तिकीट दिलं, आणि निवडून आल्यावर त्याच पक्षाने त्याला शेवटच्या बाकावर, खांबाच्या मागे नेऊन बसवलं. आवाजाची एवढी कदर!

शेवटच्या बाकावरचं काम सोपं असतं. पुढे पक्षप्रतोद बसतो. कशाला हो म्हणायचं आणि कशाला नाही, हे आपल्या माणसांना सांगणारा तो. त्याने हात वर केला की मागच्यांनी करायचा. त्याने बाक वाजवला की मागच्यांनी वाजवायचा. भोंग्याने हे इमानेइतबारे केलं. आपण काल हात कशासाठी वर केला होता, हे त्याला कधीकधी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळायचं. लाज वाटायची, नाही असं नाही. पण घरी जाऊन जेवला की ती उतरायची.

मग कामगार कायद्याचं विधेयक आलं, आणि या वेळी लाज उतरेना. कारण ताई.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं, वेळप्रसंगी बदडलंही. ती अजून त्याच कारखान्यात होती, इस्त्रीच्या रोलरपाशी, दिवसभर उभी. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या ओल्या चादरी एका बाजूने आत घालायच्या, पलीकडच्या बाईने ओढून घडी करायची. चादर थांबत नाही, म्हणून बाईही थांबत नाही. ताईच्या पोटरीवरच्या शिरा गुंता झालेल्या दोऱ्यासारख्या दिसायला लागल्या होत्या आणि घोट्याजवळची जखम काही केल्या भरत नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, अधूनमधून बसलात तर पाय राहील, नाहीतर माझ्या हातात काही नाही.

पण इस्त्री विभागात बसायचं नाही, असा मालकाचा नियम होता. बसलेली बाई पाहिली की त्याला तिथे काम कमी आणि बायका जास्त आहेत असं वाटे. बायकांनी साबणाचा एक रिकामा डबा उपडा घालून ठेवला होता. मशीन अडलं की आळीपाळीने टेकायच्या. मुकादमाने एके दिवशी तो डबाही उचलून नेला.

भोंग्याने विधेयकाला एक छोटीशी दुरुस्ती सुचवली. उभ्याने काम करणाऱ्या प्रत्येकाला बसायला जागा द्यावी आणि कामातून सवड मिळाली की बसू द्यावं, बस, एवढीच. प्रतोदाने कागद वाचून कपाळाला आठ्या घातल्या, पण मग हसून म्हणाला, “बोला की! नेहमीप्रमाणे.”

आता ‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे काय, तर आपल्याच पक्षाच्या सदस्याने दुरुस्ती सुचवली की तिचा एक ठरलेला खेळ असतो. सदस्याने तळमळीने बोलायचं. मंत्र्याने त्याच्या तळमळीचं कौतुक करायचं आणि सहानुभूतीने विचार करू म्हणायचं. मग सदस्याने समाधानाने दुरुस्ती मागे घ्यायची. सदस्याचं भाषण छापून येतं, मंत्र्याचं मन मोठं ठरतं, आणि कामगारांच्या तोंडाला पानं पुसली जातात. कोणाचंच काही बिघडत नाही.

“या वेळी मी मागे घेणार नाही,” भोंग्याने ताईच्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं. “मतदानाला टाकणार. विरोधी पक्षवाले सगळे बरोबर आहेत, आमच्यातलेही काहीजण तयार झालेत. मी अडून बसलो की झालंच म्हणून समज.”

ताई जखमेवरची पट्टी बदलत होती. मान वर न करता ती म्हणाली, “तू अडून बसणार? लहानपणी दुकानदाराने सुटे नाहीत म्हटलं की गोळ्या घेऊन परत यायचास.”

“ताई, शब्द देतो तुला.”

“मग मी येते बघायला,” ताई म्हणाली, आणि हसली. ती फारशी हसत नसे.

ठरल्या दिवशी ती खरंच आली. बरोबर तिची पलीकडची जोडीदारीण होती, जिला सगळे घडीवाली म्हणत. दोघी ठेवणीतले कपडे घालून प्रेक्षकांच्या सज्जात पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

आणि भोंगा बोलला. काय बोलला म्हणता! कागद खिशातच राहिला. त्याने रोलरची वाफ सांगितली, उपडा डबा सांगितला, तो उचलून नेणारा हात सांगितला. बहिणीचा पाय सांगताना त्याचा तो दणदणीत आवाज खाली आला, आणि खाली आला म्हणूनच सगळं सभागृह पुढे झुकून ऐकू लागलं. “आपण सगळे इथे गादीवर बसून,” तो म्हणाला, “त्या बायकांना टेकू द्यायचं की नाही, ते ठरवतोय.” विरोधकांनी बाकं वाजवली. मंत्र्याने हातातला फोन उलटा ठेवला.

मग मंत्री उत्तराला उठले. त्यांनी मागे वळून पाहिलं. खांबाआड नीट दिसेना, तर दोन पावलं बाजूला सरकून पाहिलं. भोंग्याला मंत्र्याने असं पाहण्याची ही पहिलीच वेळ. “माझे मित्र,” ते म्हणाले, “आज जे बोलले, तसं भाषण या सभागृहात मी कित्येक वर्षांत ऐकलं नाही. अशी माणसं मागे बसतात हे आमचं दुर्दैव.” त्यांचा गळा दाटून आला होता, निदान तसं वाटलं खरं. भोंग्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आजूबाजूचे सदस्य त्याच्याकडे वळून वळून बघत होते. एकाने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. भोंगा हुरळून गेला. दुसरा शब्द नाही त्याला. मंत्री म्हणाले, एक समिती नेमू, सहानुभूतीने विचार करू, माझ्या मित्राने विश्वास ठेवावा.

अध्यक्षांनी विचारलं, “सन्माननीय सदस्य दुरुस्ती मागे घेतात का?”

भोंगा उठला. नवीन सदस्यांच्या शिबिरात घोटून घेतलेलं वाक्य त्याच्या जिभेवर तयारच होतं. बसमध्ये कोणाला धक्का लागला की तोंडातून ‘सॉरी’ निघतं, तसं ते निघालं. “मंत्रिमहोदयांनी दिलेल्या आश्वासनामुळे मी माझी दुरुस्ती मागे घेतो.”

आणि खाली बसला. बाकं कडाडली. समोर विरोधकांतला एकजण मोठ्याने हसला. आपण काय बोललो हे त्या हसण्याने भोंग्याला कळलं, आणि तो पुन्हा अर्धा उठला. पण अध्यक्ष पुढच्या कलमावर गेले होते. मागे घेतलेलं पुन्हा पुढे करायची तिथे सोय नसते.

त्याने वर सज्जाकडे पाहिलं. तिथे टाळ्या वाजवायला बंदी असते. म्हणून ताई आणि घडीवालीने दोन्ही हात वर करून नुसते हलवले. त्यांनी आश्वासन ऐकलं होतं, स्तुती ऐकली होती, सगळं सभागृह बाकं वाजवताना पाहिलं होतं. एवढ्या आनंदात हरतात, हे त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार?

“शिकलात तुम्ही,” बाहेरच्या मार्गिकेत प्रतोद त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. “समितीवर तुमचं नाव घालू.” भोंग्याने मान हलवली. नाही म्हणायला हवं होतं, तेही राहिलं.

फाटकाशी ताई उभी होती. “बघ, उगाच म्हणाले मी तुला,” ती म्हणाली, आणि भररस्त्यात तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. घडीवालीचा फोन चालूच होता. “अगं झालं! मंत्र्याच्या डोळ्यात पाणी आलं! मुकादमाला सांग आत्ताच्या आत्ता!”

भोंग्याने तिथेच सांगायला हवं होतं. तो म्हणाला, “ताई, ऐक ना,” पण तेवढ्यात बस आली. बसमध्ये सांगावं, तर ताई शेजारच्या अनोळखी बाईला ‘हा माझा भाऊ’ म्हणून सांगत सुटली होती. उतरल्यावर सांगू म्हटलं, तर कारखान्याच्या दारात पाळी बदलायच्या वेळेची गर्दी, आणि त्या गर्दीने त्याला हाताला धरून आत ओढलं. भित्र्या माणसाला सबबी कमी पडत नाहीत.

इस्त्री विभागात पाऊल टाकलं आणि भोंगा जागीच थिजला. रोलरच्या ओळीने स्टुलं मांडली होती. कारखान्याच्या कॅन्टीनमधली, लाल रंगाची, नुकती पुसलेली. मुकादम हात चोळत पुढे आला. “साहेब, फोन आला तसं लगेच केलं बरं का. आमच्याकडून कायद्याला उशीर नको. मालक बाहेरगावी आहेत, पण मी म्हटलं, कायदा म्हणजे कायदा.”

ताई तिच्या स्टुलावर बसली. आधी नुसती टेकली, मग नीट मागे सरकून बसली, आणि तिने तो दुखरा पाय समोर लांब केला. इतक्या वर्षांत त्या खोलीत तिला बसलेली कोणी पाहिली नव्हती. तिने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, आणि ती एकदम आईसारखी दिसायला लागली. भोंग्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“साहेब, हे आजपासून लागू, की तारीख कळवणार?” मुकादमाने विचारलं.

हो म्हटलं तर आज संध्याकाळपुरती स्टुलं राहणार होती. सकाळी वर्तमानपत्र आलं की जाणारच. नाही म्हटलं तर आत्ता, डोळ्यांदेखत. भोंग्याने तोंड उघडलं. ज्याचा आवाज रोलरच्या वर चढायचा, त्याने ते तसंच मिटलं. बाकीच्या बायकाही आपापल्या स्टुलावर बसून भाषणाची वाट पाहत होत्या. ताईने डोळे उघडले. तिने त्याला वाढवलं होतं. त्याचं तोंड तिला वाचता येत होतं.

“मत घेतलं का रे सगळ्यांचं?” तिने विचारलं.

“नाही.”

“का?”

“मी मागे घेतलं, ताई. त्यांनी इतकं चांगलं म्हटलं मला... मला कळलंच नाही. तोंडातून निघून गेलं.”

घडीवालीचा हात तोंडावर गेला. मुकादम एकदा स्टुलांकडे, एकदा भोंग्याकडे पाहत राहिला. त्याला बिचाऱ्याला कोणाला काही बोलायची गरजच पडली नाही. ताईने पाय जवळ घेतला, रोलरच्या कठड्याला धरून ती उठली. तिचं उठणं पाहून बाकीच्याही उठल्या. कोणी शिव्या दिल्या असत्या तर भोंग्याला बरं वाटलं असतं.

“ताई, मी उद्या पुन्हा...”

“बरं,” ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. लहानपणी तो गोळ्या घेऊन परत आला की ती याच आवाजात ‘ठेव तिकडे’ म्हणायची. तिने आपलं स्टूल उचललं आणि त्याच्यासमोर आणून ठेवलं. “बस. एवढं बोललास, दमला असशील.”

भोवती सगळ्या बायका उभ्या होत्या. नको म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण बस म्हटलं की बसायची त्याला सवय होती, आणि तो बसला.