क्रमांक चारशे बारा

घरातल्या आजाऱ्याची सेवा करणारी माणसं सोशल मीडियावर काय लिहितात, हा लेकीच्या पीएचडीचा विषय. तीन वर्षं ती लोकांच्या पोस्ट गोळा करत होती. मध्येच सोशल मीडियाच्या कंपनीने आपोआप माहिती उतरवायची सोय बंद केली, तेव्हा या बयेने नऊशे पोस्ट हाताने उतरवून काढल्या. शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता आणि शेवटचं अख्खं प्रकरण एका पोस्टवर उभं होतं. क्रमांक चारशे बारा: ‘बाबांनी आज मला विचारलं, अहो बाई, माझी मुलगी कुठे असते? मी म्हटलं, लांब असते, पण येईल.’

आई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. तिला चौकशा केल्याशिवाय अन्न गोड लागत नसे.

“ही चारशे बारा कोण गं?”

“ते कुणालाच कळणार नाही. नाव काढून टाकलंय.”

“असं होय,” म्हणत आईने चष्मा चढवला आणि ते वाक्य जसंच्या तसं मोबाइलवर शोधलं. चहा निवायच्या आत बाई सापडली. फोटो, शाळा, घराची गल्ली, सगळं.

“पण पोस्ट सगळ्यांना खुली आहे, आई.”

“आमच्याही कानावर सगळं पडायचं. लाइन जोडली की हेडफोन काढून ठेवायचा, हा नियम होता. तू विचारलंस का तिला?”

विचारलं नव्हतं. विचारायचं आणि ती नको म्हणाली तर प्रकरण आडवं. दोन दिवस लेक नुसती घुटमळली. शेवटी मनाचा हिय्या करून तिने मेसेज पाठवला.

उत्तर तासाभरात आलं. ‘छापू नका. ओळखणारे ओळखतील, बाबांची शोभा होईल.’

लेकीने चारशे बारा पुसलं. जीव तुटला, पण पुसलं. तेवढ्यात दुसरा मेसेज आला. ‘दोन वर्षांत त्या पोस्टबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. फोन करू का? पुढे काय झालं ते सांगायचंय.’

फोन वाजला. हजारो वाक्यं वाचून झालेल्या लेकीने तो उचलला. यातला एकही आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

आई शेजारीच कान टवकारून बसली होती. तिला मरणाची उत्सुकता होती. पलीकडून ‘हॅलो’ आलं, तशी ती उठली, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.