लाल काटा सरकला तेव्हा

मित्रांनो, मुठीत धरून दाबायचा मी एक जुना पकडमापक आहे. तुमच्या हाताच्या पकडीत किती जोर आहे, ते मी सांगतो. माझ्या तबकडीवर दोन काटे आहेत. मूठ सैल झाली की काळा काटा शून्यावर परततो. लाल मात्र जिथवर पोचला तिथेच थांबतो, कुणी हाताने मागे आणेपर्यंत. माझ्या पोटात पोलादी स्प्रिंग बसवताना कारागीर म्हणाला होता, "हा खोटं बोलायचा नाही." त्या शब्दाला मी आजवर जागलो.

एका दवाखान्यात मी वर्षानुवर्षं राबलो. मग बटणांचं चकचकीत यंत्र आलं आणि माझी रवानगी खणात झाली, जुन्या पट्ट्यांखाली.

एका गारठलेल्या सकाळी त्या यंत्राने मान टाकली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला बाहेर काढलं. समोर बेकरीत पीठ मळणारी एक सून बसली होती, मागे बाकावर तिच्या सासूबाई. मनगट मोडल्यामुळे चार महिने घरी होती. काटा पंचवीस किलोवर गेला तर उद्यापासून कामावर. नाहीतर महिन्याने पुन्हा चाचणी, आणि तोवर मालक तिच्या जागी दुसरं कुणी घेणार होता.

तीन संधी होत्या. पहिल्यांदा बावीस. दुसऱ्यांदा एकवीस. तिची बोटं बर्फासारखी गार होती. मी तरी काय करणार?

बाकावरून सासूबाई कडाडल्या, "अगं, बेकरीत पिठाला हात लावण्याआधी किती नखरे असतात तुझे! खांदे फिरव, मुठी उघड-मीट कर... आणि इथे थेट कुस्तीलाच उतरलीस?"

"आई, दवाखान्यात कसं करू ते?" सून पुटपुटली.

"चूक माझीच," फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या. "हळूहळू हालचाल केली की स्नायूंत रक्त खेळतं, ते ऊबदार होतात, मग जोर नीट लागतो. करा सावकाश. दमू नका मात्र."

पाच मिनिटांनी तिने मला धरलं. तळहाताची ऊब माझ्या दांडीत उतरली. काळा काटा लाल काट्याला ढकलत निघाला. बावीस... चोवीस... लाल काटा सव्विसावर थांबला!

"बघितलंत? माझी सून आहे ती," सासूबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपू लागल्या.

मित्रांनो, मी थक्क झालो. माझी स्प्रिंग हजारदा दाबा, ती होती तेवढीच राहते. पण हात तोच, बाई तीच, आणि पाच मिनिटांपूर्वी हा जोर कुठे दडून बसला होता? म्हणून सांगतो, धावण्याआधी, उडी मारण्याआधी अंगाला जरा जागं होऊ द्या. झोपेतून उठवतात ना, तसं. मायेने.

आता मी खिडकीपाशी असतो, स्वच्छ पुसलेला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाईंनी माझा लाल काटा शून्यावर आणला नाही.