निवट्यांमागे गेलेले खुंट

पनवेलच्या खाडीकाठी मिठाच्या एका जुन्या कोठारात विद्यापीठाने समुद्री जीवांच्या अभ्यासाचे निवासी केंद्र काढले होते. दर हिवाळ्यात मुंबईच्या कॉलेजांतली वीस-बावीस मुले तिथे आठ दिवस मुक्कामाला येत आणि दारासमोर तिवरांचे खाजण पसरलेले असताना आत बाकांवर बसून इंग्लंडच्या गारठलेल्या खडकांवर कोणते शेवाळ कोणत्या पट्ट्यात उगवते ते घोकत. ते खडक त्यांनी पाहिले नव्हते. त्यांना शिकवणाऱ्यांनीही नव्हते. परीक्षेत मात्र त्या शेवाळाला सोळा गुण होते. दारासमोरच्या चिखलाला शून्य.

तिथे शिकवणाऱ्या वेणू टिपणीसला ही व्यवस्था पहिल्या वर्षी हास्यास्पद वाटली होती, दुसऱ्या वर्षी लाजिरवाणी. पुढे तिने त्यावर बोलणे सोडले आणि एक प्रकरण लिहायला घेतले. उष्ण देशांतल्या किनाऱ्यांवर जे जे छापले गेले होते ते तिने मागवून वाचले, आणि १९५८च्या हिवाळ्यापर्यंत पनवेलच्या खाडीवर चाळीस पाने तयार केली. त्या पानांचा प्राण म्हणजे एक तक्ता. बांधापासून पाण्यापर्यंत तिने दहा खुंट ठोकून घेतले होते आणि प्रत्येकाभोवतीचे जीव पाच हिवाळे मोजले होते. आकडे जवळजवळ हललेच नव्हते. निवटे, म्हणजे चिखलावर टुणटुण उडणारे ते बटबटीत डोळ्यांचे मासे, दरवर्षी सहाव्या खुंटापाशी. लाल खेकडे चौथ्यापाशी. खडकाइतकेच ठाम पट्टे चिखलातही असतात, हा तिचा निष्कर्ष होता. ठामपणाखेरीज दुसऱ्या कशाला विद्यापीठ मान देत नाही, हे ती ओळखून होती.

आज अभ्यास मंडळाचे अध्यक्ष डॉ. कमळाकर नाबर खाडी पाहायला येणार होते. त्यांनी सही केली की जूनपासून ते सोळा गुण या चिखलाला मिळणार होते. नाही केली, तर अभ्यासक्रम पुन्हा उघडायला सात वर्षे.

वेणूला पहाटेपासून एका जागी बसवत नव्हते. तिने खडू मोजले, फळा दोनदा पुसला, टोक असलेल्या पेन्सिलींना पुन्हा टोक काढले. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते; आठच्या सुमारास पाणी पुरते उतरणार होते. साडेसहालाच पदर खोचून ती गोदूबाईबरोबर चिखलात उतरली. गोदूबाई जवळच्या कोळीवाड्यातली. केंद्राच्या दप्तरात तिचा हुद्दा ‘मजूर’ असा होता, आणि खुंटांची देखभाल तिच्याकडे होती.

सहावा खुंट कलला होता.

गोदूबाईने तो हलवून उपटला, खांद्यावर टाकला आणि चार पावले पाण्याकडे जाऊन रोवायला घेतला.

“अहो, तिथे कुठे? इथला ना तो?”

“इथं काय हाय आता, बाय? निवटं गेलं खाली. गाळ केवढा आलाय बघा.”

“निवटे कुठेही जाऊ देत. खुंट जागेवर राहायला हवा.”

गोदूबाईला हसू आले. “मंग मोजाल काय? सुका चिखल?”

वेणूने अगदी सावकाश विचारले, “याआधी कधी हलवला होता?”

“दरसाल हलवतंय. दिवाळी झाली का. तुमीच सांगितलंत ना पयल्या साली, गोदूबाय, हा निवट्यांचा खुंट, नीट सांभाळ. सांभाळला.”

“आणि बाकीचे?”

“खेकड्यांचा खेकड्यांमागं, ज्याचा त्याच्यामागं. पयला तेवढा नाय हलवला. तो बांधाचा. बांध कुठं जातो?”

वेणू घोटाभर चिखलात उभी होती. पाच वर्षे तिने जे मोजले तो गोदूबाईचा प्रामाणिकपणा होता. निवटे सहाव्या खुंटापाशी सापडत, कारण सहावा खुंट निवट्यांपाशी नेला जात होता. न पाहिलेला किनारा शिकवणाऱ्यांचा तिने मनातल्या मनात इतकी वर्षे उद्धार केला होता. आणि स्वतः या किनाऱ्यावर उभी राहून ती खुंटांकडे पाहत होती.

“किती हलला असेल हा? सगळा मिळून?”

गोदूबाईने बोटांवर हिशेब केला. “दुसऱ्या साली पाच पावलं. मंग वरच्या गावानं नवा बांध घातला, त्या साली अकरा. गेल्या साली नऊ. औंदा दिवाळीला धा, आणि ही आताची चार.”

एकोणचाळीस पावले. खाडी गाळाने भरत चालली होती, आणि तक्ता म्हणत होता, काही हललेले नाही.

नाबर आठ वाजता आले. पनवेलच्या डाकबंगल्यावर रात्री झोप बरी लागली असावी. चेहरा प्रसन्न होता. बूट चकचकीत असल्यामुळे त्यांनी खाडीची पाहणी बांधावरूनच केली आणि तिथेच उभ्याने तक्ता चाळला. वेणू ओचा झटकत राहिली. चिखल केव्हाच वाळून गेला होता. गप्प राहिले तर कोणाला कळणार होते?

“पाच वर्षं, आणि एक रेघ हललेली नाही,” नाबर म्हणाले. “खरं सांगू टिपणीसबाई, चिखलात काय असणार असं वाटलं होतं मला. पण हे नामी आहे. अगदी खडकासारखं.”

त्यांनी पेन काढले.

“सर, हा तक्ता चुकीचा आहे.”

“आकडे चुकलेत?”

“आकडे बरोबर आहेत. खुंट जागेवर नव्हते.” तिने सगळे सांगितले, एकही पाऊल न गाळता.

नाबरांनी चिखलातल्या गोदूबाईकडे पाहिले. “म्हणजे मजुराने घोळ घातला. मग तसं लिहून द्या, दुसरं माणूस ठेवा. एवढ्यासाठी चांगलं प्रकरण कशाला मोडता? मी सही करतो, टीप खाली घाला.”

वाट सरळ होती, आणि फार सभ्यपणे दाखवली गेली होती.

“घोळ माझा आहे,” वेणू म्हणाली. “मी तिला खुंट सांभाळायला सांगितलं आणि तो कशासाठी ते सांगितलं नाही. पाच वर्षांत या जमिनीकडे पाहणारी ती एकटीच होती. तिची पावलं धरली तर प्रकरण वेगळं होतं, सर. मोठं होतं. किनारा सरकतोय.”

“पावलांवर अभ्यासक्रम ठरत नाहीत, बाई.” त्यांनी पेनाला टोपण लावले. रागावले नव्हते ते. वेळ फुकट गेल्याचे दुःख तेवढे होते. “तूर्त शेवाळच राहू द्या.”

मोटार ठाण्याच्या रस्त्याला लागली. मुले बाकांवर शेवाळाच्या तासाची वाट पाहत बसली होती. वेणूने त्यांना चिखलात उतरवले. पुढे गोदूबाई पावले मोजत बांधाकडे चढत होती, मागे मुले मोजणीचा सुंभ धरून. सहाव्या खुंटाच्या पहिल्या जागेवर पोचले तेव्हा पायाखाली भेगाळलेली जमीन होती आणि खारे गवत.

“बाई, हे परीक्षेत येईल?” उरणच्या धर्मराज म्हात्रेने विचारले.

“नाही.”

“मग लिहून घेऊ का नको?”

“तुझं तू ठरव.”

गोदूबाई खुंट घेऊन उभी होती. “हितं ठोकू? गवतात?”

“तिथेच. आणि आता कधी हलवायचा नाही.”

“आन् निवटं?”

“त्यांना जाऊ द्यात.”

“पुढल्या साली नुसता खुंट मोजाल तुमी, बाय. एक निवटा नाय यायचा हितं.”

“तेच मोजायचं आहे.”

गोदूबाईला ते पटले नाही. तिने दगड उचलला आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत खुंट ठोकायला घेतला. खाली पाणी पुन्हा चढू लागले होते.